पदभ्रमण, नासिकच्या डोंगरी मुलखातील

नासिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या माथ्यावर व त्याच्या दोन्ही उतारांवर वसलेल्या गावांतून, पाठीवर मोजके सामान घेऊन व ठिकठिकाणी मुक्काम करीत केलेला पायी प्रवास. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे तालुके, कळवण व बागलाण तालुक्यांचे पश्चिम भाग आणि लगतचे अकोले (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा), मोखाडा व जव्हार (पालघर जिल्हा) हे तालुके मिळून या भ्रमणाचे क्षेत्र होते. उत्तरेस ते गुजरात राज्यातील डांग जिल्ह्याला जाऊन भिडते. गिर्यारोहणाहून हे पदभ्रमण भिन्न आहे. गिर्यारोहणात शिखर किंवा कडा हे साध्य असते. येथे वाट, वाटेवरील पाडा आणि पाड्यावरील माणसे यांना तेवढेच महत्त्व असते. संस्थानी व ब्रिटिश अमदानीत आकारास आलेली छोटी बाजारगावे आणि त्यांच्या भोवती आजही चालू असलेले कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर व भिल्ल या आदिवासी जमातींचे विधी-उत्सव यांचा एकत्र परिचय घडविणारे असे प्रदेश महाराष्ट्रात थोडे आहेत.

भूवर्णन : नासिक जिल्ह्याचे ‘डांग’ व ‘देश’ असे दोन भाग परंपरेने मानले जातात. पश्चिमेकडील डोंगराळ, जंगलव्याप्त व भरपूर पावसाचा पट्टा म्हणजे डांग आणि पूर्वेकडील सपाट, काळ्या मातीचा, कमी पावसाचा भाग म्हणजे देश. हा फरक पर्जन्यमानात ठळकपणे दिसतो. इगतपुरी येथे वर्षाला सु. ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून अवघ्या ४५ किमी.वरील नासिक शहरात मात्र तो सु. ७० सेंमी. असतो. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे सातमाळा, सेलबारी-डोलबारी, कळसूबाई इ. उपरांगा फुटतात. कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर इगतपुरी व अकोले तालुक्यांच्या सीमेवर असून बागलाणमधील साल्हेर (१,५६७ मी.) हा राज्यातील सर्वांत उंच किल्ला होय. गोदावरी, दारणा व गिरणा या नद्या पूर्वेकडे, तर वैतरणा, दमणगंगा, नार व पार या पश्चिमेकडे वाहतात. त्यामुळे एखाद्या धारेवरून चालणाऱ्या प्रवाशाच्या उजव्या हाताचे पाणी बंगालच्या उपसागरास व डाव्या हाताचे अरबी समुद्रास मिळते, अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते.

पाऊस विपुल असूनही एप्रिल-मे महिन्यांत येथे पाण्याचे दुर्भिक्ष असते. बेसाल्टचा कठीण खडक व तीव्र उतार यांमुळे पाणी जमिनीत न मुरता वाहून जाते. मुंबईस पाणी पुरविणारे ऊर्ध्व वैतरणा धरण याच मुलखात असले, तरी त्याच्या आसपासच्या पाड्यांवरील स्त्रियांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा व चढावा लागतो. या वाटा पदभ्रमण करणाऱ्यास पायवाटा म्हणून दिसतात. मुळात त्यांपैकी पुष्कळशा पाणवाटा आहेत.

इतिहास : कोकणातील बंदरे व दख्खनचे पठार यांना जोडणारे थळ, शीर, गोंदे इ. घाट प्राचीन काळापासून वापरात होते. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी बांधलेल्या किल्ल्यांची दाट मालिका या भागात आहे. साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मराठे व मोगल यांच्यात मोठी लढाई होऊन तीत मराठ्यांना विजय मिळाला. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जुलै २०२५ मध्ये समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत साल्हेरचा अंतर्भाव आहे. पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये हे किल्ले ब्रिटिशांच्या ताब्यात आले व पुन्हा बंडाचा आश्रय होऊ नयेत, म्हणून अनेकांचे दरवाजे व पायऱ्यांचे मार्ग सुरुंगाने उडवून देण्यात आले. आज जे कडे चढण्यास अवघड म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी काहींची अवघड वाट ही निसर्गाने नव्हे, तर दारूने घडविलेली आहे.

किल्ले पडले, तरी डोंगर शांत झाले नाहीत. वनजमीन, सावकारी व सारा या कारणांनी एकोणिसाव्या शतकात येथे वारंवार उठाव झाले. अकोले तालुक्यातील देवगावचा महादेव कोळी राघोजी भांगरे याने ब्रिटिश सत्ता व सावकार यांविरुद्ध उठाव केला. २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्यास फाशी देण्यात आली. डिसेंबर १८५७ मध्ये त्र्यंबक येथे भिल्ल व ठाकर यांनी उठाव केला व लगेच हरसूलचा बाजार लुटला गेला. या उठावाशी संबंध असल्यावरून पेठच्या राजघराण्यातील भगवंतराव यास फाशी देण्यात आली. उत्तरेकडील डांगमध्ये ब्रिटिशांनी १८४२ साली भिल्ल राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेतली. या राजांच्या वारसांना राजकीय निवृत्तिवेतन देण्याचा समारंभ होळीच्या सुमारास आहवा येथे ‘डांग दरबार’ या नावाने अद्याप भरतो. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले निर्माण झाली आणि फिरती शेती, राबासाठी फांद्यांची तोड, मोहाची वेचणी व गुरचराई यांवर निर्बंध आले. आदिवासी व वनखाते यांच्यातील ताणाचे मूळ या काळात आहे.

वसाहतकालीन व संस्थानी गावे : या मुलखातील गावे दोन प्रकारे वाढली. काही लोहमार्ग, छावणी किंवा हवा खाण्याचे ठिकाण म्हणून ब्रिटिशांनी वाढविली. काही छोट्या संस्थानांच्या राजधान्या म्हणून टिकली.

इगतपुरी (उंची सु. ६०० मी.) हे पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण होय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातील मार्ग १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. बोगदे, उंच कमानींचे पूल व १ : ३७ इतका तीव्र चढ असलेला हा मार्ग भारतातील अवघड लोहमार्गांपैकी एक असून, कसाऱ्याहून चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. घाटमाथ्यावर एंजिनांची निगा राखण्यासाठी वसविलेल्या या गावात युरोपीय व अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांची वस्ती झाली. चर्च, बंगले व रेल्वेच्या चाळी उभ्या राहिल्या. १९७६ पासून येथील धम्मगिरी हे विपश्यना-साधनेचे केंद्र जगभरातील साधकांना आकर्षित करीत आहे. देवळाली ही एकोणिसाव्या शतकात वाढलेली छावणी. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने येथे रखडलेल्या गोऱ्या शिपायांच्या मनःस्थितीवरून ‘डूलॅली’ हा भ्रमिष्टपणाचा वाचक शब्द इंग्रजी बोलीत रूढ झाला. अंजनेरी डोंगरावरील थंड पठारावर युरोपीय अधिकारी व मिशनरी उन्हाळ्यात राहावयास येत. त्याच डोंगराच्या पायथ्याशी यादवकालीन मंदिरांचे अवशेष आहेत.

दुसऱ्या प्रकारात पेठ, सुरगाणा व जव्हार ही गावे मोडतात. पेठ संस्थान १८७८ मध्ये तेथील बेगमच्या मृत्यूनंतर खालसा होऊन नासिक जिल्ह्यास जोडले गेले. सुरगाण्याचे देशमुख व जव्हारचे मुकणे यांची संस्थाने १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाली. मुकणे हे महादेव कोळी घराणे चौदाव्या शतकापासून जव्हारच्या गादीवर होते. सु. ४५० मी. उंचीवरील जव्हारचा ‘जयविलास’ राजवाडा व जुन्या बाजारपेठेतील लाकडी माडीची घरे संस्थानी वैभवाची साक्ष देतात. या सर्व गावांत आठवड्याच्या बाजाराला विशेष महत्त्व आहे. नागली, वरई, खुरासणी, उडीद, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, मातीची भांडी व पावसाळ्याच्या प्रारंभी शेवळे, कोरळ, बांबूचे कोंब यांसारख्या रानभाज्या बाजारात येतात. अलीकडील काळात सुरगाणा तालुक्यात बोरगाव परिसरात स्ट्रॉबेरीची लागवड होऊ लागली असून थंडीच्या दिवसांत सापुताऱ्याच्या रस्त्यावर ती विक्रीस असते. पाड्यांवरील लोक खरेदीबरोबरच सोयरीक जुळविणे, निरोप देणे व तंटे मिटविणे यांसाठीही बाजारास येतात.

लोक व लोकजीवन : नासिक जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. एक-चतुर्थांश आहे (२०११). मात्र पेठ व सुरगाणा तालुक्यांत ते बहुसंख्य आहेत. सुरगाणा, पेठ व कळवणमध्ये कोकणा, पेठ-हरसूल पट्ट्यात वारली, इगतपुरी व अकोल्यात महादेव कोळी व ठाकर, तर बागलाण-कळवणमध्ये भिल्ल अधिक आढळतात. कारवीच्या कुडाला मातीचा गिलावा देऊन घरे उभारतात. भात, नागली व वरई ही मुख्य पिके. रोपे तयार करण्याच्या जागेवर पालापाचोळा व फांद्या जाळून जमीन भाजतात. तिला राब म्हणतात. ‘राबराब राबणे’ या वाक्‌प्रचारातील कष्टाचा अर्थ येथील नागलीच्या उतारावर उभे राहिल्यावर वेगळे स्पष्टीकरण मागत नाही. अन्न, पाऊस, वाघ, डोंगर व पूर्वज ही या लोकांच्या श्रद्धाविश्वाची मुख्य केंद्रे आहेत. गावाच्या शिवेवर किंवा झाडाखाली सूर्य, चंद्र, वाघ व नाग यांच्या आकृती कोरलेले लाकडी वा दगडी खांब दिसतात. त्यांत वाघदेवाचे खांब असतात, तसेच मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले वीरही असतात. ओळख नसलेल्या प्रवाशाने त्यांना केवळ शिल्प समजू नये.

विधी व उत्सव : येथील उत्सवांचे चक्र शेतीच्या कामांना बांधलेले आहे. आषाढात ‘तेरा’ या सणात अळूच्या जातीच्या रानपाल्याची प्रथम देवाला अर्पणपूर्वक भाजी होते. त्यापूर्वी तो पाला खात नाहीत. नवे धान्य हाती आल्यावरही पहिला घास देवाचा व पूर्वजांचा असतो. आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस येते. गुराखी मुले वाघदेवापाशी जमतात, सोंगे घेऊन वाघ पळविण्याचा खेळ करतात व शिजविलेले अन्न तेथेच वाटून खातात. ज्या प्राण्यापासून गुरांना भय त्यालाच वर्षातून एकदा मान देऊन त्याच्याशी सामोपचार करण्याची ही रीत आहे.

डोंगरदेव किंवा डोंगऱ्या देव हा कोकणा व भिल्ल यांचा मार्गशीर्षातील मोठा उत्सव. बागलाण, कळवण, सुरगाणा, धुळे जिल्ह्यातील साक्री व गुजरातमधील डांग या भागांत तो होतो. व्रत घेणाऱ्या पुरुषांना ‘माऊल्या’ म्हणतात. ते काही दिवस कडक पथ्ये पाळतात, भगताच्या मार्गदर्शनाखाली गावोगाव नाचत, धान्य मागत फिरतात. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या व शिंग यांपासून बनविलेल्या पावरीच्या सुरावर हा नाच चालतो. शेवटच्या रात्री माऊल्या नेमलेल्या गडावर चढून जातात, तेथील गुहेशी वा कड्याशी पूजा करतात आणि रात्र जागवून परततात. सबंध गावाच्या पिकापाण्याचे व आरोग्याचे रक्षण हा या व्रताचा हेतू होय. डोंगर चढणे ही येथे उपासना आहे. चढणारा डोंगरावर मात करण्यासाठी नव्हे, तर त्याच्या भेटीस जातो.

भवाडा किंवा बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव फाल्गुन ते वैशाख या काळात सुरगाणा, पेठ, हरसूल, मोखाडा, जव्हार इ. भागांत होतो. लाकूड किंवा कागदाच्या लगद्यापासून बनविलेले मोठे, रंगीत मुखवटे धारण करून संबळ व पिपाणीच्या तालावर, मशालींच्या उजेडात, एकेक ‘सोंग’ गावातील वाटेने नाचत येते. प्रारंभी गणपती व सरस्वती, पुढे रामायण-महाभारतातील व पुराणांतील पात्रे, वेताळ, राक्षस इ. आणि पहाटे देवी व महिषासुराचे युद्ध असा साधारण क्रम असतो. विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे असते. तो मुखवटा त्या घरात जपून ठेवतात, त्याची पूजा करतात व बापामागे मुलगा तो चढवितो. आदिवासींबरोबर गावातील इतर जातींचाही त्यात वाटा असल्याने भवाडा हे साऱ्या गावाचे कार्य ठरते.

वाद्य व कथन यांच्या दृष्टीने थाळगान उल्लेखनीय आहे. धातूच्या थाळीत मेणाने एक काडी उभी बसवितात व तिच्यावरून बोटे ओढून गुंजन करणारा अखंड स्वर काढतात. त्याच्या साथीने कणसरी या धान्यदेवतेची व पूर्वजांची दीर्घ कथा रात्रभर गायिली जाते. मृताच्या उत्तरकार्यातही थाळगानाला स्थान आहे. वारल्यांच्या विवाहात धवलेरी ही स्त्री पुरोहिताचे काम करते व विवाहगीते गाते. घराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात. १९७० नंतर ही चित्रकला कागदावर आली. जिव्या सोमा मशे (मृ. २०१८) यांनी तिला जागतिक कीर्ती मिळवून दिली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. भिंतीवरून कागदावर येताना चौक विधीतून सुटला व स्त्रियांच्या हातून बव्हंशी पुरुषांच्या हाती गेला, ही गोष्टही या कीर्तीच्या इतिहासाचाच भाग आहे.

चालण्याच्या परंपरा : या मुलखात पायी प्रवास ही शहरी हौशी लोकांनी आणलेली नवी गोष्ट नव्हे. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालण्यासाठी मोठा समुदाय रात्रीपासून चालू लागतो. पौष वद्य एकादशीस संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी वारकऱ्यांच्या दिंड्या त्र्यंबकेश्वरास येतात. चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेसाठी खानदेशातून हजारो भाविक उन्हातून पायी येतात. चैत्री पौर्णिमेच्या रात्री देवीच्या मंदिरामागील अवघड सुळक्यावर ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. याशिवाय दिवाळीनंतर देशावर मजुरीसाठी जाणाऱ्यांच्या व होळीला घरी परतणाऱ्यांच्या वाटा आहेत. ६ ते १२ मार्च १९१८ नव्हे, तर थेट आपल्या काळात, २०१८ च्या मार्चमधील त्याच आठवड्यात, सुरगाणा, पेठ, दिंडोरी इ. तालुक्यांतील हजारो आदिवासी शेतकरी स्त्री-पुरुष वनजमिनीच्या हक्कासाठी नासिकहून मुंबईपर्यंत सु. १८० किमी. चालत गेले. त्यांच्या भेगाळलेल्या, रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. दहावीच्या परीक्षार्थींना अडथळा होऊ नये, म्हणून या मोर्चाने मुंबईतील अखेरचा टप्पा रात्रीच चालून पूर्ण केला.

प्रमुख मार्ग : (१) इगतपुरी–त्र्यंबकेश्वर : घाटमाथ्यावरून वैतरणा जलाशयाच्या बाजूने जाणारा हा मार्ग दोन ते तीन दिवसांचा आहे. तत्पूर्वी बारी गावातून कळसूबाईचे शिखर करता येते. कळसू नावाची कोळ्यांची मुलगी भांडी घासण्याच्या कामास नकार देऊन डोंगरावर निघून गेली व तेथेच देवत्व पावली, अशी कथा सांगतात. शिखरावर तिचे छोटे देऊळ आहे. (२) त्र्यंबकेश्वर–हरसूल–पेठ : नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधणीस प्रारंभ झालेले त्र्यंबकेश्वराचे मंदिर व गोदावरीचे उगमस्थान ब्रह्मगिरी पाहून पश्चिमेस वारली-कोकणा पाड्यांतून जाणारा मार्ग. हरसूलहून एक फाटा मोखाड्यावरून जव्हारकडे जातो. (३) पेठ–सुरगाणा–हातगड : नार-पार खोऱ्यांचा हा मार्ग चढउतारांचा, विरळ वस्तीचा व सर्वांत जास्त झाडीचा आहे. हातगड किल्ल्यावरून सापुताऱ्याचे पठार व डांगची जंगले दिसतात. (४) सप्तशृंगी–कळवण–साल्हेर : देवस्थान व किल्ले यांचा मार्ग; मार्गशीर्षात याच भागातून डोंगरदेवाच्या पावरीचा सूर ऐकू येतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यास अनुकूल. पावसाळ्यात भातखाचरे, धबधबे व फुले यांमुळे प्रदेश रमणीय दिसतो; परंतु दाट धुके, निसरड्या वाटा व एकाएकी फुगणारे ओढे यांमुळे जीवितास धोका संभवतो. मार्चनंतर ऊन व पाणीटंचाई जाणवते. नासिकहून इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, कळवण व सुरगाणा येथे एस. टी. बसने जाता येते. पाड्यांवर शाळा, देऊळ किंवा एखाद्या घराची ओसरी हाच निवारा असतो. नागलीची भाकरी, भात व उडदाची डाळ असे जेवण मिळते.

मध्य अमेरिकेतील तत्सम प्रदेश : जगाच्या पाठीवर या प्रकारच्या भ्रमणासाठी मेक्सिकोतील च्यापास व ग्वातेमालाचा पश्चिम डोंगराळ भाग विशेष प्रसिद्ध आहे. सान क्रिस्तोबाल दे लास कासास (स्थापना १५२८), अँतिग्वा, केत्साल्तेनांगो इ. स्पॅनिश वसाहतकालीन नगरे व त्यांच्या भोवतीची माया वंशीयांची खेडी पाहण्यास परदेशी तरुण पाठीवर पिशव्या घेऊन जातात. दोन्ही प्रदेशांत काही साम्ये आहेत. चिचिकास्तेनांगोचा गुरुवार-रविवारचा बाजार नासिकच्या डोंगरी बाजारांप्रमाणेच व्यवहार व भेटीगाठी यांचे केंद्र आहे. स्पॅनिश विजयाची कथा मुखवटे घालून नाचणारी माया मंडळी परकी कथा आपली करून घेतात, तसे भवाड्यात पुराणकथेचे होते. संतमूर्ती वर्षभर आळीपाळीने घरी सांभाळणारी तेथील धार्मिक मंडळे आणि मुखवटा घरी पूजणारी येथील घराणी यांचे कार्य सारखेच आहे. भेदही महत्त्वाचे आहेत. तेथे विजेत्यांनी धर्म लादला व जुनी दैवते संतांच्या आड टिकली; येथे ब्रिटिशांनी देव सोडून दिले व जंगल घेतले. सान ह्वान चामुला येथील चर्चमध्ये विधी चालू असताना छायाचित्रे घेण्यास स्थानिक समाजाने बंदी घातली असून ती काटेकोरपणे अमलात येते. आपल्या विधीचे कोणी काय पाहावे, हे ठरविण्याचा असा सामूहिक अधिकार नासिकच्या पाड्यांनी अद्याप क्वचितच वापरला आहे.

पथ्ये : गावात शिरताना प्रथम गावचे पाटील, सरपंच वा वडीलधारे यांस भेटून येण्याचे कारण सांगावे. डोंगरदेवाच्या काळात माऊल्यांना स्पर्श करू नये, त्यांच्या खळ्यात पादत्राणे घालून जाऊ नये व गडावर त्यांच्या मागे अनाहूतपणे जाऊ नये. वाघदेव, वीर व मुखवटे यांना परवानगीवाचून हात लावू नये. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. उन्हाळ्यात पाड्यावरील पाणी आंघोळीसाठी वापरणे हा अविचार होय. जेवण व निवारा यांचा मोबदला आपणहून द्यावा. मागण्याची वाट पाहू नये, कारण पाहुण्याकडे पैसे मागणे अनेक घरांत कमीपणाचे मानतात.

स्थित्यंतरे व समस्या : वन हक्क कायदा (२००६) व पंचायतींसंबंधीचा पेसा कायदा (१९९६) यांमुळे ग्रामसभेस जंगल व सामूहिक साधने यांवर अधिकार मिळाले; तथापि दाव्यांची अंमलबजावणी रखडल्याच्या तक्रारी आहेत व २०१८ चा मोर्चा त्यांतूनच निघाला. दुसरा प्रश्न स्थलांतराचा आहे. खरीप संपताच अनेक कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत, वीटभट्ट्यांवर व ऊसतोडीस जातात. द्राक्षबागांतील निकडीची कामे आणि डोंगरदेवाचे व्रत एकाच काळात येतात. पथ्य पाळून आठवडाभर मजुरी बुडविणे तरुणांना परवडेनासे झाले, की पावरी वाजविणारा व गडाची वाट जाणणारा एकच म्हातारा गावात उरतो. त्याच्यानंतर उत्सव थांबतो, तो कोणी बंद केल्याने नव्हे, तर तो करणारे गावात नसल्याने. याउलट भवाडा होळीनंतर, लोक परतल्यावर होत असल्याने अधिक जोमाने टिकून आहे.

पर्यटनाचा परिणाम दुहेरी आहे. मुक्कामाची सोय, वाटाड्याचे काम, मुखवटे व चित्रे यांची विक्री यांतून गावातच रोजगार मिळाल्यास स्थलांतर काही अंशी थांबू शकते व त्यामुळे विधींनाही आधार मिळतो. परंतु रात्रभराचे सोंग शहरातील रंगमंचावर दहा मिनिटांत सादर होऊ लागले, की देवी-महिषासुराचे युद्ध पहाटेच का होते, याचे उत्तर पुढील पिढीला देता येत नाही. पाहुण्यांच्या सोईने उत्सवाची तिथी बदलल्याने तो शेतीच्या चक्रातून सुटतो. म्हणून पदभ्रमणाच्या वाढीचे मोजमाप केवळ येणाऱ्यांच्या संख्येवर करणे अपुरे आहे. वाटेवरच्या पाड्यातील किती माणसे मार्गशीर्षात घरी राहू शकली व किती गडांवर त्या रात्री दिवा लागला, यावरून ते अधिक अचूकपणे करता येईल.